जनुकसंच वाचून झाला. नोंदी कुठे आहेत?

(इंदूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

माननीय अध्यक्ष, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर माझ्या विषयाचे नाव ‘जनुकसंचशास्त्र : आरोग्य, शेती आणि जीवशास्त्र’ असे छापले आहे आणि या तिन्ही बाजूंकडे मी येणार आहे. मात्र बोलणे इंदुरात आहे, तेव्हा सुरुवात सोयाबीनपासून करते. तिथे पोहोचण्याआधी माझे मुख्य म्हणणे सांगून ठेवते, म्हणजे मी मध्येच कुठे रेंगाळले तरी ते आपल्या हाती असेल. कोणत्याही सजीवाचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या पेशीतला सगळा डीएनए, अक्षर अक्षर वाचणे आता स्वस्त आणि झटपट झाले आहे. परंतु तो सजीव कोणत्या पावसात तगला, कोणत्या रोगाला बळी पडला, कोणत्या औषधाने बरा झाला, याची विश्वासार्ह नोंद आपल्याकडे फार थोडी आहे, आणि जिथे ती होती तिथेही आपण ती जपली नाही. या शास्त्राकडून पुढच्या काळात ज्या लाभांची आपण वाट पाहत आहोत, ते मुख्यतः या नोंदींवर अवलंबून आहेत, असे माझे अनेक वर्षांच्या कामानंतरचे मत आहे.

आकडे आधीच मांडते. माणसाच्या जनुकसंचात 300 कोटींहून थोडी अधिक अक्षरे आहेत. ती वाचण्याचा जागतिक प्रकल्प 1990 साली सुरू झाला आणि 2003 साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याचा खर्च सुमारे 300 कोटी डॉलर धरला जातो. तरीही गुणसूत्रांच्या मधले आणि टोकांचे काही किचकट पट्टे राहून गेले होते, ते 2022 साली पुरे झाले. आज तेवढे वाचन काही दिवसांत आणि काहीशे डॉलरांत होते. सोयाबीनचा जनुकसंच 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 110 कोटी अक्षरे आणि 46,000 च्या आसपास जनुके आहेत. गव्हाने फार वेळ घेतला, कारण त्याचा जनुकसंच माणसाच्या पाचपट मोठा आहे आणि त्यात तीन वेगवेगळ्या गवतांचे संच एकत्र नांदतात, त्यामुळे एकाच मजकुराच्या जवळजवळ सारख्या तीन प्रती वेगळ्या ओळखाव्या लागतात. ते काम 2018 साली तडीस गेले. त्यासाठी देशांनी गुणसूत्रे वाटून घेतली होती आणि ‘2ए’ हे गुणसूत्र भारताच्या वाट्याला आले होते. लुधियाना आणि दिल्ली येथील संस्थांनी ते हाताळले. या कामाचा जेवढा गौरव व्हायला हवा होता तेवढा आपल्याकडे झाला नाही, असे मला मनापासून वाटते.

आता सोयाबीन. येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल की एके काळी मालव्यातली पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीत ठेवली जाई आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेतला जाई. 1960 च्या दशकात जबलपूरचे कृषी विद्यापीठ आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ यांच्या सहकार्यातून सोयाबीनचे प्रयोग सुरू झाले आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत येथील खरिपाचे रूपच पालटले. 1987 साली इंदुरात सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले. त्या केंद्राने आपल्या सुरुवातीच्या वाणांना ‘अहिल्या’ हे नाव दिले, अहिल्या 1 पासून अहिल्या 4 पर्यंत, आणि इंदूरकरांना आवडेल अशी ही गोष्ट इंदुरातही फारशी कोणाला ठाऊक नसते.

याच केंद्रातले एक काम मी जरा सविस्तर सांगते, कारण जनुकांचे ज्ञान शेतात नेमके कसे उतरते ते त्यात स्पष्ट दिसते. कच्चे सोयाबीन माणसाला पचत नाही आणि कोंबड्यांनाही मानवत नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे दाण्यातले एक प्रथिन, जे आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवून धरते. मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञाने 1945 साली ते वेगळे करून दाखवले, म्हणून त्याला कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक म्हणतात. या रोधकामुळेच सोयादूध किंवा सोयापीठ तयार करणाऱ्यांना दाणे आधी चांगले उकळावे किंवा वाफवावे लागतात. त्यात इंधन जाते, वेळ जातो आणि उष्णता अधिक झाली तर चांगली प्रथिनेही बिघडतात. मग हा रोधक मुळातच नसलेले सोयाबीन मालव्यातल्या हवामानात पिकवता आले तर?

अडचण अशी की रोधक नसणे हा गुण अप्रभावी आहे. झाडाला आई आणि बाप दोघांकडूनही निष्क्रिय जनुक मिळाले तरच दाण्यात रोधक उतरत नाही. दात्या वाणाचा आपल्या स्थानिक वाणाशी संकर केला आणि ती संतती पुन्हा पुन्हा स्थानिक वाणाशी जोडत नेली, तर प्रत्येक पिढीत काही झाडांकडे निष्क्रिय जनुकाची एक प्रत असते आणि काहींकडे ती नसते. परंतु दोघांच्याही दाण्यात रोधक असतोच, त्यामुळे दाणे तपासून काहीच कळत नाही. जुन्या पद्धतीत त्या झाडांचे स्वपरागण होऊ देऊन आणखी एक पिढी थांबावे लागे. आता रोप दोन-तीन आठवड्यांचे असतानाच त्याच्या कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतात, त्यातून डीएनए काढतात आणि त्या जनुकाच्या शेजारच्या एका खुणेची, म्हणजे मार्करची, तपासणी करतात. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर दोन पट्टे दिसले तर ते रोप निष्क्रिय जनुकाचे वाहक आहे. त्याच संध्याकाळी शेतात जाऊन त्या रोपाला लेबल बांधायचे आणि बाकीची उपटून टाकायची. सोयाबीनचे फूल इतके लहान असते की चिमट्याने ते उकलताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि हाताने केलेल्या संकरांपैकी पुष्कळ तसेच गळून पडतात. त्यामुळे चुकीच्या झाडावर गेलेली एकेक सकाळ किती महाग पडते, हे ज्याने ते केले आहे त्यालाच कळते. या मार्गाने ‘एनआरसी 127’ हा कुनिट्झ रोधक नसलेला वाण येथे तयार झाला आणि 2018 साली प्रसारित झाला. त्यानंतरच्या ‘एनआरसी 142’ मध्ये रोधक तर नाहीच, शिवाय सोयाबीनला उग्र वास आणणाऱ्या विकरांपैकी एक विकरही नाही. घरगुती सोयादूध आणि सोयापनीर करणाऱ्या भगिनींनी या वाणांची मुद्दाम चौकशी करावी.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे पाहा. हे निष्क्रिय जनुक मिळाले कुठून? ते कोणी जनुकसंच वाचून शोधलेले नाही. 1970 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात थिओडोर हायमोविट्झ आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या सोयाबीन संग्रहातले नमुने एकामागून एक तपासत बसले. हजारो नमुन्यांपैकी दोनच असे निघाले की ज्यांच्या दाण्यात हा रोधक नव्हता, आणि ते दोन्ही मूळचे कोरियातले होते. एवढे कळले याचे कारण असे की, प्रत्येक पुडीवर क्रमांक होता, त्या क्रमांकापुढे कोणत्या देशातून ती आली हे लिहिलेले होते, आणि तपासणीचा निकाल त्याच क्रमांकापुढे मांडला गेला. जनुकाचा ठावठिकाणा, मार्कर, जेलवरचे पट्टे हे सारे त्यानंतरचे.

आपल्या देशाचा बियाण्यांचा संग्रह लहान नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत उणे 18 अंशांच्या आसपास साडेचार लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत, आणि जगात एवढा मोठा संग्रह फार थोड्या देशांकडे आहे. पण यांपैकी अनेक नमुन्यांविषयी आपल्याला गावाच्या नावापलीकडे फारशी माहिती नसते. ज्यावर ना वर्ष ना नाव, अशा लोणच्याच्या बरण्यांनी फडताळ भरलेले असावे, तशी ही अवस्था आहे.

येथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. संस्थेचे नाव मी घेणार नाही, कारण असे एकाच ठिकाणी घडलेले नाही. मी ज्या प्रक्षेत्रावर, म्हणजे संशोधनाच्या शेतावर, तरुणपणी शिकायला जात असे, तेथे एका लांबट खोलीत भिंतीला लागून लाकडी फळ्यांवर शेतातल्या नोंदींची रजिस्टरे होती. कापडी पाठ, कडांना वाळवीने कुरतडलेली, काही पावसात भिजून फुगलेली. प्रत्येक पानावर आडव्या ओळीत एकेक वाण किंवा नमुना, आणि उभ्या रकान्यांत पेरणीची तारीख, उगवण, निम्मी झाडे फुलल्याची तारीख, पक्वतेचे दिवस, झाडाची उंची, शेंगा तडकण्याचे प्रमाण, शंभर दाण्यांचे वजन, पिवळ्या मोझॅक या विषाणुजन्य रोगाची 0 ते 9 अशी श्रेणी, आणि सर्वांत शेवटी ‘शेरा’. आकड्यांचे रकाने बहुधा शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून भरले जात, पण शेरा लिहीत ते प्रक्षेत्र सहायक, जे दिवस उजाडण्यापूर्वी शेतात असत.

त्यांतले एक वयस्क सहायक मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. त्यांच्या शेऱ्यांची भाषा हिंदी-मराठी-माळवी अशी मिसळलेली असे आणि अक्षर टपोरे. शेंगा भरण्याच्या दिवसांत लागोपाठ पाऊस झाला, काळ्या जमिनीत पाणी साचले, आठवडाभर वाफसा आला नाही, आणि प्लॉटमागून प्लॉट पिवळा पडत गेला. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, गाठींमधले नत्र बांधणारे जीवाणू काम थांबवतात, आणि खालची पाने प्रथम पिवळी पडतात. मालव्यातल्या शेतकऱ्याला हे दृश्य नवे नाही. त्या दिवसांतल्या एका पानावर, एका स्थानिक नमुन्यापुढे, त्यांनी लिहिले होते : ‘सब पीला, यह लाइन खड़ी. पत्ता हिरवा. पाणी पिंडरीपर्यंत.’ पुढच्या हंगामात त्यांनी तोच नमुना मुद्दाम सखल भागात पेरून पाहिला होता आणि पुन्हा तसाच शेरा लिहिला होता. हे त्यांना कोणी करायला सांगितले नव्हते. पिकाकडे रोज पाहणारा माणूस हे आपणहून करतो.

काही वर्षांनी मी वनस्पती प्रजननाच्या कामात पडले, आणि सोयाबीनचे नमुने क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे जनुकसंच वाचण्यासाठी, निवडण्याची वेळ आली तेव्हा मला ती पाने आठवली. मी तेथे गेले. खोली तीच होती, भिंतींना नवा रंग होता आणि फळ्यांच्या जागी संगणकाची टेबले होती. रजिस्टरांविषयी विचारले, तेव्हा रंगकामाच्या वेळी ‘जुना कागद’ रद्दीत काढल्याचे सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या आवाजात अपराधाची भावना नव्हती, आणि त्याला दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण निर्लेखनाच्या नियमानुसार तो कागद खरोखरच कालबाह्य होता. लेजर, पावत्या, हजेरीपट आणि शेताच्या नोंदी यांत नियम काहीच फरक करीत नव्हता. आम्ही त्या प्रक्षेत्रावरच्या जपलेल्या बियाण्यांपैकी काहींचे वाचन केले. प्रत्येक नमुन्याच्या अक्षरांच्या अजस्र फायली आजही माझ्या विद्यार्थ्यांकडे आहेत. गुडघ्याखालपर्यंतच्या पाण्यात हिरवी राहिलेली ती ओळ त्यांतच कुठेतरी असण्याचा संभव आहे; परंतु ती कोणती हे सांगणारा रकाना आता जगात कुठेही नाही. ते पुन्हा शोधायचे तर सर्व नमुने पुन्हा पेरावे लागतील, सखल जागा लागेल, दोन-तीन हंगाम लागतील, आणि नेमक्या दिवसांत पाऊस साचावा लागेल.

नोंद टिकली तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. ओडिशात पूर सोसणाऱ्या भाताच्या एका स्थानिक वाणातून निवड करून ‘एफआर 13ए’ हा नमुना वेगळा काढला गेला. ही निवड विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची आहे, आणि पूर सोसणारा ही त्याची ओळख त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतच (एफआर, म्हणजे फ्लड रेझिस्टंट) बांधून ठेवली गेली. त्या एका ओळखीमुळे कितीतरी दशकांनंतर शास्त्रज्ञांनी नेमके त्याच वाणाकडे वळून तपास केला आणि 2006 साली ‘सब1ए’ हे जनुक हाती आले. पाण्याखाली बुडालेले साधे भाताचे रोप उंच वाढून पृष्ठभाग गाठण्याच्या धडपडीत आपली सारी शिदोरी संपवते. हे जनुक असलेले रोप वाढ थांबवून साठा राखते आणि पाणी ओसरले की पुन्हा फुटते. मार्करच्या साह्याने ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणले गेले आणि 2009 साली ‘स्वर्णा-सब1’ भारतात प्रसारित झाला, जो सुमारे दोन आठवडे बुडून राहिला तरी तगू शकतो.

गव्हाचेही असेच आहे. केंब्रिजचे आर्थर वॉटकिन्स यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत भारतासह 32 देशांतल्या गावोगावच्या बाजारांतून गव्हाचे स्थानिक नमुने मागवले. त्यांतले 827 नमुने पिढ्यानपिढ्या पेरून जिवंत ठेवले गेले, प्रत्येकाचे मूळ ठिकाण लिहून ठेवलेले. 2024 साली इंग्लंड आणि चीनमधील शास्त्रज्ञांनी त्या सर्वांचे जनुकसंच वाचून प्रसिद्ध केले, आणि असे दिसले की त्या संग्रहातली सुमारे 60 टक्के जनुकीय विविधता आजच्या सुधारित वाणांत उरलेलीच नाही. वाचन तर झालेच, शिवाय ते सर्व नमुने वर्षानुवर्षे शेतात पेरून त्यांचे गुण मोजले गेले, म्हणून कोणते जनुक कशासाठी उपयोगी हे सांगता आले. आपल्या मालव्यात बाफल्यासाठी जो कठिया गहू आजी निवडून घेत असे, त्याच्या जुन्या स्थानिक प्रकारांचे असे मोजमाप आपण कितीसे केले आहे? इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने ‘पूसा तेजस’सारखे उत्तम कठिया वाण दिले आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगते, प्रश्न त्यांच्या मागच्या जुन्या पूर्वजांचा आहे.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे आणि आरोग्याचा भाग अजून सुरूही झालेला नाही, तेव्हा तो मी जलद सांगते.

झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी हे जिल्हे येथून दूर नाहीत, आणि सिकलसेल हा आजार तेथे घराघरांत परिचित आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात एका अक्षराचा बदल होतो, हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा बदल 1956-57 साली व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवला. अक्षर एकच, तरी एक मूल वारंवार वेदनेने तळमळते आणि दुसरे तुलनेने बरे राहते, असे का? या प्रश्नाचे पहिले सूत्र ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना 1948 साली सापडले. त्यांनी नवजात बालकांचे रक्त पाहून नोंद केली की आजार असूनही त्यांच्या रक्तात वाकड्या पेशी फार कमी दिसतात, आणि याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे. पुढे 2007-08 साली सार्डिनिया बेटावरील रहिवाशांच्या आणि इतर लोकसमूहांच्या अभ्यासातून, ज्यांच्या रक्तातील गर्भ हिमोग्लोबिन मोजून ठेवलेले होते त्यांच्याशी जनुके ताडून, ‘बीसीएल11ए’ हे जनुक पुढे आले. हेच जनुक जन्मानंतर गर्भ हिमोग्लोबिन बंद पाडते. त्याचा एक नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने कापून गर्भ हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. भारतीय उपचार स्वस्तात उभा करण्याचे काम दिल्लीच्या जिनोमिक्स आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत चालू आहे आणि त्याच्याकडे माझे लक्ष लागून राहिले आहे. पण या सगळ्या इमारतीच्या पायाशी वॉटसनबाईंचे निरीक्षण आणि कोणीतरी चिकाटीने मोजून ठेवलेले आकडे आहेत, हे विसरता येणार नाही.

1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी झाली, कार्ड मिळाले, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळले. हे मोठे काम आहे. आता मला हवे आहे ते त्याच्या पुढचे. मध्य भारतातल्या रुग्णांत सामान्यतः सिकलसेलचा अरब-भारतीय प्रकार आढळतो, ज्यात गर्भ हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते, तरीही आजाराची तीव्रता घरागणिक वेगळी दिसते. त्या मुलाला वर्षात किती वेळा वेदनेचा झटका आला, किती वेळा रक्त द्यावे लागले, हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिल्यावर काय झाले, प्लीहा वाढली का, हे आशाताईंच्या आणि परिचारिकांच्या वहीतून त्या कार्डाशी जोडले गेले, तर पुढचे ‘बीसीएल11ए’ आलीराजपूरच्या नोंदींतून सापडू शकेल. ही माहिती अर्थातच त्या कुटुंबाच्या संमतीनेच आणि त्यांचे नाव झाकूनच वापरली जावी; ज्यांच्याकडून नोंद घेतली त्यांना उपचाराचा पहिला लाभ मिळावा, यावरही मी तितकीच ठाम आहे.

आपल्यापैकी ज्यांना आपल्या चारही आजी-आजोबांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण सांगता येईल त्यांनी कृपया हात वर करावा... हात फारच थोडे वर आले. मागच्या रांगेतून ‘वयोमानाने’ असे उत्तर आले आहे. ते प्रेमाचे उत्तर आहे, पण वयोमान हा रोग नाही. हृदयाच्या स्नायूशी संबंधित ‘एमवायबीपीसी3’ या जनुकात 25 अक्षरे गळाल्याचा बदल सुमारे 4 टक्के भारतीयांत आढळतो, असे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या सहकार्याने 2009 साली दाखवले. ज्या घरात उतारवयात हृदय दुबळे होऊन मृत्यू झाल्याचे लिहून ठेवलेले असते, त्या घरातल्या तरुणाला वेळेवर तपासणी सुचवता येते. 2020 साली सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात 83 लोकसमूहांतील सुमारे 10,000 व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले, आणि जानेवारी 2025 मध्ये ही माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. त्यासोबत रक्ताच्या तपासण्या आणि शरीराची मोजमापेही घेतली गेली आहेत, हे उत्तमच आहे. पण त्या व्यक्ती पुढच्या वीस वर्षांत कशा राहतात, हे कळण्याची सोय नसेल तर अर्धे काम अपुरे राहील. ब्रिटनच्या ‘बायोबँक’मध्ये सुमारे 5 लाख स्वयंसेवकांचे रुग्णालयीन अभिलेख सतत जोडले जातात, आणि जगभरचे संशोधक भारतीय आजारांचे प्रश्नही त्या इंग्रजी माणसांच्या माहितीवरून सोडवू पाहतात, कारण तेवढी नोंद दुसरीकडे मिळत नाही.

शेतीतली एक अगदी ताजी गोष्ट राहिली : मे 2025 मध्ये भारताने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, ‘कमला’ आणि ‘पूसा डीएसटी राइस 1’. त्यांत दुसऱ्या सजीवाचे जनुक घातलेले नाही, भाताच्याच जनुकात नेमका बदल केला आहे. त्यांची खरी परीक्षा शेतकऱ्याच्या शेतात होईल, आणि प्रत्येक राज्यातल्या हंगामांची निकालपत्रे उघडपणे प्रसिद्ध व्हावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

जीवशास्त्रीय संशोधनाबद्दल दोनच उदाहरणे देते, दोन्ही वाघ-चित्त्यांची. ओडिशातील सिमिलिपालमध्ये जवळजवळ काळे दिसणारे, पट्टे एकमेकांत मिसळलेले वाघ आढळतात. बंगळुरूच्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021 साली दाखवले की ‘टॅकपेप’ नावाच्या एका जनुकातल्या एका बदलामुळे असे होते, आणि तो बदल तेथे इतका पसरला याचे कारण तेथील वाघांचा समूह लहान आणि एकाकी पडलेला आहे. जंगलातल्या वाघाचे आई-बाप कोणाला ठाऊक असणार? ही उकल शक्य झाली ती प्राणिसंग्रहालयांतील वाघांमुळे, जेथे कोणत्या जोडीला कोणती पिल्ले कधी झाली याची जन्मनोंद नीट ठेवलेली होती.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले, कूनो राष्ट्रीय उद्यानाचे. चित्त्यांच्या जनुकसंचात विविधता फार कमी असते, हे 1980 च्या दशकापासून ठाऊक आहे. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून 8 चित्ते आणले गेले आणि नंतर दक्षिण आफ्रिकेतून आणखी आले. मे 2023 च्या उन्हाळ्यात तेथे जन्मलेली तीन पिल्ले दगावली. आज तेथील माग काढणारे कर्मचारी प्रत्येक मादी कुठे बसली, काय मारले, पिल्ले केव्हा बाहेर आली हे रोज लिहीत असतात. नामिबियन आणि दक्षिण आफ्रिकी वंशाच्या या जनावरांचे डीएनए नमुने आणि ही रोजची डायरी एकाच क्रमांकाखाली ठेवली गेली, तर कोणत्या वंशातील पिल्ले मध्य प्रदेशातला उन्हाळा आणि येथले संसर्ग अधिक चांगले सोसतात, आणि पुढच्या जोड्या कशा लावाव्यात, याचे उत्तर काही पिढ्यांत देता येईल. हस्तलिखित डायऱ्या दर महिन्याला स्कॅन करून ठेवायला फार मोठा निधी लागत नाही. त्यासाठी एक माणूस आणि एक कपाट लागते. आता आपले प्रश्न घेते.